शनिवारचा फोन

अकरा महिने झाले पाटी लावून.
'घर विकणे आहे' मधलं 'विकणे' लाल रंगात होतं,
उन्हानं तेच आधी नेलं.
आता नुसतं 'घर आहे'.
नरसम्मा म्हणते, राहू द्या, खोटं तर काही लिहिलेलं नाही.

पहिला एजंट गॉगल कपाळावर चढवून आला.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "पंचेचाळीस लाख, डोळे झाकून."
मीही झाकले.
चार महिने त्याचा फोन लागेना
आणि मी त्या पंचेचाळीस लाखांत
पुण्याला मुलाच्या शेजारी रोज रात्री एक फ्लॅट घेत राहिलो.

दुसऱ्यानं माणसं आणली. पुष्कळ आणली.
रविवारी जेवून पाय मोकळे करायला निघाल्यासारखी यायची,
माठातलं पाणी प्यायची,
नळ पाच दिवसांनी येतो म्हटलं की
आपण सोलापूरची नव्हेतच
अशी एकमेकांकडे बघायची.

तिसरा सिद्राम बगले.
चपला बाहेर काढल्या, आणि आधी भिंतीवर तळहात ठेवला.
"इथं माग होते ना काका?"
चार होते.
"बोल्टांची भोकं बुजवलीत, पण पायाला कळतात बघा."
मग कोपऱ्यातल्या भेगेत नख घालून बराच वेळ उभा.

जिन्यावर बसून म्हणाला, "चौतीस."
मला राग आला.
शेजारच्या गुंटूकनं बेचाळीसला दिलं होतं!
"दिलं होतं," तो म्हणाला,
आणि 'होतं'वर नुसता थांबला.

तेहतीस वर्षं मी जॉबर होतो.
सूत नसायचं त्या दिवसांत
कामगारांसमोर उभं राहून 'सूत नाही' म्हणायचं काम माझं.
मालक तेव्हा मागच्या दारानं जायचे.
म्हणून सिद्रामला म्हटलं,
तुझे दोन टक्के तुला, त्यात घासाघीस नाही,
पण दर शनिवारी फोन कर.
आमचा हप्ता शनिवारी व्हायचा. कमी असला तरी हातात पडायचा.
कुणी आलं नसेल तर 'कुणी नाही' एवढंच सांग,
पण तुझ्या तोंडानं सांग.

पहिला शनिवार: कुणी नाही.
दुसरा: एक जोडपं, स्वयंपाकघर अंधारं म्हणाले.
आम्ही खिडकीवरचा पत्रा काढला. तीस वर्षांनी
नरसम्माला तिचा तवा उजेडात दिसला, घाबरलीच.
तिसरा: "आवडलं म्हणाले काका, पण निघताना
मोबाइलवर दुसरं घर बघत होते. धरून चालू नका."

भेग तो स्वतःहून दाखवतो, गिऱ्हाइकानं विचारायच्या आत.
"मागाच्या हादऱ्याची आहे, पायाची नाही,
इंजिनिअरचा कागद आहे, वाचा."
नरसम्मा चिडली: मुलगी दाखवताना
आधी चष्म्याचा नंबर सांगतं का कुणी?
"लग्नानंतर कळण्यापेक्षा बरं, अम्मा."

मार्चमध्ये एकानं सव्वीस रोख टेकवायची तयारी दाखवली.
त्या दिवशी बुधवार होता, तरी फोन आला.
"सांगायचं काम माझं, ठरवायचं तुमचं.
माझं कमिशन आज सुटेल.
पण घर माझं असतं तर मी थांबलो असतो."
त्याच्या मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं,
त्याचंच असावं.
थांबलो.

आता मे. चव्वेचाळीसच्या खाली पारा येत नाही,
घर बघायला कोण निघणार?
काल शनिवार. साडेसातला फोन वाजला.
"कुणी नाही काका."
बरं, म्हटलं.
"आणि चौतीसचे साडेबत्तीस करावे लागतील, असं वाटतंय.
आज नका सांगू. विचार करा."
बरं.
"पाटी नवीन रंगवून आणू का?"

मी काही बोलायच्या आत
नरसम्मा आतून ओरडली,
आण म्हणावं, पण 'विकणे' लाल नको,
लाल टिकत नाही इथं.
पक्क्या रंगात लिही म्हणावं,
चादरीच्या.